कंट्रोल प्लेटवरचे डाग

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत, घराचं छप्पर जागेवर आहे. फोन हाताशी असताना आई पत्र लिहीत का बसली, असं तुला वाटणारच. कारण असं की माझा फोन हल्ली पूर्वीसारखा माझा राहिलेला नाही. ते पुढे येईलच. आत्ता मी कारखान्यातल्या अंडी फोडायच्या खोलीत, उपड्या घातलेल्या क्रेटवर बसून लिहिते आहे. जेवणाची सुट्टी आहे, बाकीच्या बायका बाहेर उन्हात बसल्या आहेत, आणि या खोलीच्या गारठ्यात बोटं आखडतात म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायांसारखं आलं आहे. सांभाळून वाच.

आधी घरच्या बातम्या. तुझ्या बाबांनी बिस्किटं सोडली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, तत्त्व म्हणून. तू त्या कंपनीत रुजू झाल्यापासून घरात येणारं प्रत्येक पाकीट ते खिडकीपाशी नेतात, चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरं वाचतात, आणि त्यात पदार्थ टिकवायची तुमची पावडर दिसली की ते माझ्यासमोर आणून ठेवतात, जणू मीच रात्रीतून ती मिसळली. बिस्किटं गेली, सरबत गेलं, बाटलीतलं सॉस गेलं. ब्रेड अजून संशयित म्हणून घरात आहे. परवा दाढीच्या साबणाचं वेष्टन वाचत उभे होते. मी म्हटलं, अहो, तो खायचा नाही. तर म्हणाले, लावायचा तर आहे. अशा माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली, याबद्दल मला कोणी साधं प्रशस्तिपत्रकही दिलेलं नाही.

तुला वाटेल, म्हणजे बाबांचा राग अजून गेलेला नाही. मलाही तसंच वाटत होतं. तू जायचं ठरवलंस तेव्हा अंड्याने जग वाचत नाही, असं त्यांना तोंडावर म्हणालीस, आणि त्यानंतर आठवडाभर ते घरात फक्त ‘मीठ’ एवढाच शब्द बोलले, तेही मीठ ताटात असताना. स्टेशनवर त्यांनी तुझ्या बॅगेचं कुलूप ओढून पाहिलं, ‘ठीक आहे’ म्हणाले, आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवून चालायला लागले. ती पाठ तू विसरली नाहीस हे मला कळतं. माझ्या फोनवर तू बोलून पाठवतेस त्या प्रत्येक निरोपात ती असते. घरमालकाची कटकट सांगतेस, शेजारणीच्या मांजराचे पराक्रम सांगतेस, आणि शेवटी न चुकता म्हणतेस की बाबांना काही सांगू नकोस, त्यांना कुठे काय पडलंय. मी दर वेळी ऐकते आणि गप्प बसते, कारण मध्ये पडलं की दोन्हीकडून मार खायचा हा माझा जुना अनुभव आहे. तुम्ही दोघं हट्टाच्या बाबतीत एकाच साच्यातून निघालात, आणि तो साचा माझ्या माहेरचा खचितच नाही.

आता कामाच्या बातम्या, आणि त्या बऱ्या नाहीत. डोंगरापलीकडच्या त्या चीजवाल्या बाई तुला आठवतील, ज्यांचा आवाज फोन न लावताही इथपर्यंत ऐकू येतो. त्यांच्याकडे चीजचे मोठाले गोल महिनोन्‌महिने फळ्यांवर पिकत ठेवतात. यंदा त्यातले बरेच गोल आतून वायू धरून फुगले आणि तडकले. वायू करणारे जंतू, दुसरं काय. बाई इथे आल्या आणि मालकांच्या टेबलावर एक तडकलेला गोल आदळून म्हणाल्या, यावर तुमच्या अंड्याचं औषध चालतं म्हणतात, तर दाखवा. वास असा की मालकांनी उरलेलं सगळं बोलणं अंगणात उरकलं. पण अट त्यांनी स्पष्ट सांगितली. आपल्या अंड्याच्या भुकटीची चाचणी त्यांच्या माणसासमोर स्वच्छ निघाली तर पुढची सगळी वर्षं त्या आपल्याकडून घेणार. नाही निघाली तर तुमच्या कंपनीची पावडर घेणार. आणि मालकांनी तुझ्या बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की ही मागणी गेली, तर अंड्याचा विभाग बंद करून तिथे नुसतं गोदाम करायचं ठरलंय. म्हणजे बाबांचं उभं आयुष्य गेलेल्या खोलीत रिकामी पिंपं रचायची. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले की यंदा उन्हाळा लवकर येणार असं दिसतं. मला बाकीचं हिशेबनीसाच्या बायकोकडून कळलं.

चाचणी कशी असते हे तुला शिकवायला नको, पण तुमच्याकडे सगळं पिंपातून तयार येतं म्हणे, तेव्हा विसरली असशील. मी इथे अंडी फोडते, पिवळं बेकरीवाल्याकडे जातं, पांढरं गाळून, मिठाच्या पाण्यात पातळ करून बाबांच्या काचेच्या नळीतून उतरतं. त्यातलं लायसोझाइम, म्हणजे जंतू मारणारं प्रथिन, नळीतल्या दाण्यांना चिकटतं, बाकीचं वाहून जातं, मग चिकटलेलं आणखी खारट पाण्याने सोडवून वाळवायचं. बाबांचं आवडतं व्याख्यान तुला पाठ आहेच. अंडं म्हणजे बिनदाराची खोली, आत बाळ एकटं, बाहेर सगळी दुनिया जंतूंची. तर कोंबडीने पांढऱ्यात पहारेकरी ठेवलेत, एक जंतूंच्या भिंती फोडतो, दुसरा लोह दडवून त्यांना उपाशी मारतो. आणि शेवटी ते हमखास म्हणतात की कोंबडीने यासाठी कुठलीही पावडर विकत आणलेली नाही. आपल्या मालालाही ते पावडर म्हणू देत नाहीत. आपली ती भुकटी.

तर भुकटी खरंच जंतू मारते की नाही हे पाहायला बाबा प्लेटा लावतात. काचेच्या प्लेटमध्ये जंतूंचा पिवळट थर, त्यात गोल भोकं, भोकात भुकटीचं पाणी. उबेत ठेवलं की दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जंतू विरघळून आरशासारखी स्वच्छ वर्तुळं दिसतात. आणि सगळ्यांत शेवटी कंट्रोल प्लेट, जिच्या भोकांत भुकटी अजिबात नाही, नुसतं मिठाचं पाणी. ती जशीच्या तशी पिवळी राहिली पाहिजे. ती राहिली तरच बाकीच्या वर्तुळांचं श्रेय भुकटीला. नाहीतर कोणीही म्हणेल की जंतू आपोआपच मेले. कंट्रोल प्लेट बाबांनी आजवर कोणाला लावू दिलेली नाही. मलाही नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, स्वतःच्या हाताने, खिडकीजवळच्या टेबलावर लावतात.

आणि ती कंट्रोल प्लेटच तू गेल्यापासून स्वच्छ येईना. भोकांभोवती काही नाही, पण भोकांपासून लांब, कडेला, मध्येच कुठेही, शर्टाच्या बटणाएवढे लख्ख डाग. जिथे काही घातलंच नाही तिथे जंतू मेलेले. रोजच्या कामात बाबांनी त्या प्लेटा चिडून फेकून दिल्या, पुन्हा लावल्या, वेळ निभावली. पण चीजवाल्या बाईंच्या माणसासमोर पहिल्या वेळी झाकण उघडलं तेव्हाही डाग, दुसऱ्या वेळीही डाग. तो माणूस नुसतं बाबांकडे पाहून हसला, आणि ते हसू बाबांना त्या चीजच्या वासापेक्षा जास्त लागलं.

मग शोधमोहीम निघाली. पहिला नंबर शिंकेकाकांचा. बिचारे तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून इथे काम करतात आणि तेव्हापासूनच त्यांना सर्दी आहे. बाबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की लायसोझाइम फक्त अंड्यात नसतं, माणसाच्या अंगातही असतं. नाकाच्या पाण्यात, लाळेत, आईच्या दुधात. एवढं म्हणून ते अडखळले, घसा खाकरला आणि शिंकेकाकांकडे बोट दाखवलं. काकांची बदली मागच्या अंगणात अंडी धुवायला झाली. तिथल्या गार पाण्याने त्यांची सर्दी दुप्पट झाली, पण प्लेटा इकडे आत होत्या आणि डाग येतच राहिले. मग झाडूवाल्या मावशींवर पाळी आली. त्या काम करताना तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणून थुंकी उडते असा शोध लागला. मावशींनी त्या दिवसापासून असं कडक मौन धरलं की पाण्याची मोटर सुरू राहून टाकी वाहून गेली तरी त्यांनी कोणाला हाक मारली नाही. पुढे पंखा बंद, खिडकी बंद, सगळ्यांना मास्क, वरच्या मजल्यावरच्या हिशेबनीसालाही मास्क, ज्याने जन्मात प्लेट पाहिलेली नाही. आणि या सगळ्यानंतर, एका संध्याकाळी, जेवताना, ताटावरून नजर न उचलता तुझे बाबा मला म्हणाले, “तू हात नीट धुतेस ना?”

भिंगरी, मी या माणसाच्या आईची बोलणी ऐकली, याच्या नळ्या धुतल्या, लग्नाच्या वाढदिवशी याच्याबरोबर उबेच्या पेटीचा दरवाजा दुरुस्त करत बसले. पण हात नीट धुतेस ना, हे मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या हाताला पांढरं लागलेलं असतं आणि मी प्लेटांच्या टेबलाला हात लावते, असं त्यांना सुचवायचं होतं. मी ताट उचललं, त्यांचंही उचललं, त्यांचं जेवण संपलेलं नसताना. आणि ठरवलं की आता चोर मीच पकडणार.

दुसऱ्या दिवशी बाबा निघाले आणि त्यांच्या मागोमाग मीही निघाले. फोन शोधला तर जागेवर नव्हता. हे हल्ली रोजचं झालं होतं. सकाळी माझा फोन गायब व्हायचा आणि दुपारी बाबांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात सापडायचा. विचारलं तर म्हणायचे, वेळ बघायला नेला, मनगटावर घड्याळ असलेला माणूस. तुझे रात्रीचे निरोपही मी ऐकायच्या आधीच ऐकलेले दिसायचे. मी आपली म्हणायचे, फोन जुना झाला, बिघडला असेल. तुझी आई इतकी हुशार आहे.

तर मी या खोलीत येऊन दिवा न लावता उभी राहिले. पांढऱ्याचे डबे पलीकडे सरकवायची ती भिंतीतली खिडकी आहे ना, तिची फळी थोडी उघडी ठेवली. मला वाटत होतं शिंकेकाका सूड उगवायला येतील. पण कोणी आलं नाही. तुझे बाबा एकटेच होते. त्यांनी प्लेटा रांगेत मांडल्या, झाकणं काढली, मास्क लावला, आणि माझा फोन टेस्ट ट्यूबच्या स्टँडला टेकवून उभा केला. मग तुझा आवाज आला. तुझ्या खोलीचा नळ गळतोय, रात्रभर झोप येत नाही, घरमालक म्हणतो अख्खा नळ बदलावा लागेल. बाबा एकेका भोकात थेंब सोडत ऐकत होते. आणि त्यांनी फोनला उत्तर दिलं. हळूच म्हणाले, “वॉशर गेलाय बाळा. नळ नको बदलू.” मग तुझा निरोप संपत आला, तू तुझं ते शेवटचं वाक्य म्हणालीस, बाबांना कुठे काय पडलंय, आणि तेव्हा ते रांगेतल्या शेवटच्या प्लेटवर वाकले होते. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. नाकाच्या बाजूने, मास्कच्या कडेवरून, थेंब टपकन प्लेटमध्ये पडला. त्यांना दिसलाही नाही, चष्मा नव्हता. त्यांनी झाकण लावलं, फोन उचलला, आणि नळाचा निरोप पुन्हा पहिल्यापासून लावला.

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मला आधी हसू आलं, खरं सांगते, इतकं की तोंडात पदर कोंबावा लागला. शाळेत असताना तू कांदा चिरत बसली होतीस, डोळ्यांतलं पाणी बाटलीच्या झाकणात धरून बाबांना आणून दिलंस, आणि त्या पाण्याने प्लेटवर असं सुरेख वर्तुळ उमटलं की बाबा ती प्लेट गल्लीभर दाखवत फिरले. अश्रूंत अंड्याच्या पांढऱ्यापेक्षा कमी पहारेकरी नसतात, हे तेव्हा दूधवाल्यालासुद्धा माहीत झालं होतं. आणि परवा सगळ्यांना उभं करून यादी सांगताना नाक आलं, लाळ आली, दूध आलं, तेवढंच एक राहून गेलं. ते विसरले नव्हते. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. नंतर माझं हसू कुठे गेलं ते मला कळलं नाही. आणखी एक लक्षात आलं. थेंब बाकीच्या प्लेटांतही पडले असणार, पण तिथे डाग हवेच होते, म्हणून कोणी पाहिलं नाही. मध्यंतरी आपली भुकटी अचानक फारच गुणकारी निघाली होती आणि मालकांनी बाबांची पाठ थोपटली होती, ते तू पहिल्यांदा आजारी पडलीस त्या आठवड्यात.

तू म्हणशील, मग सांगायचं ना त्यांना. कसं सांगू? एकतर हा माणूस शरमेने अर्धा होईल. आणि उरलेला अर्धा इतका प्रामाणिक आहे की चीजवाल्या बाईंना लेखी कळवेल, कंट्रोल प्लेटमध्ये तपासनीसाचे अश्रू पडले, दिलगीर आहे. मग अंगणात वास सोडून बाई निघून जातील. मी दुसरे उपाय करून पाहिले. डोळ्यांना बंद चष्मे आणले, ते वाफेने धुरकट झाले आणि त्यांनी काढून टाकले. कंट्रोल मी लावते म्हटलं, तर माझ्या हातांकडे पाहिलं. शेवटी एका सकाळी फोन पिठाच्या डब्यात लपवला. वाटलं, आवाजच नाही तर रडणार कशाला. त्या दिवशी ते रिकाम्या स्टँडसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि त्या दिवशीच्या कंट्रोल प्लेटवर इतके डाग होते की थर शोधावा लागत होता. फोन मी संध्याकाळी मुकाट्याने टेबलावर आणून ठेवला.

मलाही तुझी आठवण येते, भिंगरी. खूप येते. पण मी ती बोलून मोकळी होते, शेजारणीला सांगते, तुला सांगते, अंडी फोडताना बायकांना सांगून त्यांचा जीव खाते, म्हणून माझ्या हातचं काम स्वच्छ निघतं. त्यांना हे कधी कोणी शिकवलं नाही. तुझ्या कामाबद्दल ते चूक असतील, असतीलच. पुष्कळांच्या पोटाला दुकानातलंच खाणं लागतं आणि ते टिकवायला तुमच्यासारखी माणसंही लागतात, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. तू नोकरी सोड असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यांना काही पडलेलं नाही, एवढं मात्र यापुढे म्हणू नकोस. मी डोळ्यांनी पाहिलंय काय पडलंय ते.

आता मी हे का लिहिलं ते. चीजवाल्या बाईंनी आणखी एकच संधी दिली आहे, येत्या सोमवारी सकाळी. प्लेटा तेच लावणार, त्यात बदल होणार नाही. म्हणून रविवारी दुपारी तू फोन कर. माझ्या फोनवर नाही, त्यांच्या फोनवर. जे काय रडायचं ते घरी रडून घेऊ देत, स्वयंपाकघरात, जिथे एकही प्लेट नाही. सोमवारी मला त्यांचे डोळे कोरडे हवेत. यातलं काही तुला कळलंय असं त्यांना भासवू नकोस. नळाचं विचार, घरमालकाची तक्रार कर, भांडायचं असेल तर पावडरीवरून भांडसुद्धा. मात्र एक लक्षात ठेव. फोन उचलून ते आधी ‘कोण बोलतंय’ असं विचारतील, समोर तुझं नाव दिसत असताना. चिडू नकोस, ‘मी’ एवढंच म्हण. त्यानंतर पलीकडून बराच वेळ काही ऐकू येणार नाही. तुला वाटेल त्यांनी पुन्हा पाठ फिरवली. तेव्हा फोन ठेवू नकोस, बाळा, थांब.

तुझीच,
स्वच्छ हातांची आई